‘डबल बॅक’ म्हणजे दुप्पट नव्हे! आल्या वाटेने मागे वळण्यासाठी इंग्रजीत इतके शब्द का लागतात?

समजा, तुम्ही हॉटेलात मित्राची वाट बघत बसला आहात. मोबाईलवर मेसेज येतो, ‘मिस्ड द टर्न, डबलिंग बॅक, टेन मिनिट्स.’ वळण चुकलं, एवढं कळतं. दहा मिनिटं लागतील, हेही कळतं. मधलं ‘डबलिंग बॅक’ म्हणजे नेमकं काय? दुप्पट वेगाने येतोय? दोनदा मागे गेला? की रिक्षावाल्याने डबल भाडं मागितलं?

यातलं काहीच नाही. तो चुकलेलं वळण गाठण्यासाठी आल्या रस्त्याने मागे येतोय. बस्स.

‘डबल बॅक’ हे इंग्रजीतलं फ्रेझल व्हर्ब. म्हणजे एक साधं क्रियापद, त्याला चिकटलेला एक छोटा शब्द, आणि दोघांचा मिळून भलताच तिसरा अर्थ. शाळेत ‘गिव्ह अप’, ‘लुक आफ्टर’, ‘पुट ऑफ’ ही मंडळी पाठ करून घेतात. ‘डबल बॅक’ त्या यादीत सहसा नसतं. मग ते थेट भेटतं ते वेब सीरिजच्या सबटायटल्समध्ये, परदेशात गेल्यावर रस्ता विचारताना किंवा इंग्रजी प्रवासवर्णनात.

आपल्याकडे गोंधळ होण्याचं एक खास कारण आहे. ‘डबल’ हा शब्द मराठीत पक्का मुरलेला आहे, आणि तो नेमका दोन भलत्या अर्थांनी मुरलेला आहे. एक म्हणजे दुप्पट. डबल भाडं, डबल पगार, डबल ऑम्लेट. दुसरा अर्थ एनसीसीत किंवा पोलीस भरतीच्या मैदानात घाम गाळलेल्यांना सांगायला नको. तिथे ‘डबल’ म्हटलं की धावायचं. डबल मार्च म्हणजे दौड. इंग्रजीतही ‘ऑन द डबल’ म्हणजे ‘ताबडतोब, पळत पळत’. त्यामुळे एनसीसी केलेल्या माणसाने ‘डबल बॅक’चा अर्थ ‘पळत मागे ये’ असा लावला तर त्याला हसण्यात अर्थ नाही. तर्क बरोबर आहे, फक्त इंग्रजी भाषा त्या तर्काने चालत नाही.

दुप्पट आणि दुमडणं यांचं नातं

मग या ‘डबल’मध्ये आहे काय? घडी आहे.

‘डबल’ इंग्रजीत आला फ्रेंचमधून आणि त्याआधी लॅटिनमधल्या ‘डुप्लस’वरून. त्यातला ‘डु’ म्हणजे दोन आणि ‘प्लस’चा संबंध घडीशी, पदराशी. कापडाची एक घडी घातली की एकाचे दोन थर होतात. दुप्पट होणं आणि दुमडणं या गोष्टी मुळात एकच. मराठीला हे नवीन नाही. आपल्या ‘दुप्पट’मध्येही ‘पट’ आहेच, आणि ‘दुपदरी’ रस्त्याला पदर फुटलेला आहेच. इंग्रजीत पोटात कळ येऊन किंवा हसून हसून माणूस कमरेत वाकतो तेव्हा तो ‘डबल ओव्हर’ किंवा ‘डबल अप’ होतो. तिथे काही दुप्पट होत नाही, माणूस दुमडतो.

आता जमिनीवर एक दोरी सरळ टाका. ती तुमची वाट. मध्येच तिचं टोक उचलून मागे आणा, म्हणजे दोरी स्वतःच्याच अंगावर येईल. जाण्याची रेघ आणि मागे येण्याची रेघ एकमेकींवर किंवा एकमेकींशेजारी. वाट दुमडली. हेच ‘डबल बॅक’.

हे चित्र एकदा डोक्यात बसलं की ‘द रोड डबल्स बॅक ऑन इटसेल्फ’ या वाक्याला शब्दकोश लागत नाही. घाटातला रस्ता चढता चढता केसांच्या पिनेसारखा वळतो, आणि दोन मिनिटांपूर्वी ज्या दिशेला तोंड होतं त्याच्या बरोब्बर उलट दिशेला गाडी चढू लागते. खाली बघितलं तर आपणच सोडलेला रस्ता दिसतो. रस्ता मागे जात नाही, पुढेच जातो, पण स्वतःवर दुमडून जातो.

याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात भारी उदाहरण रस्त्याचं नाही, रेल्वेचं आहे. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ साली. चढ इतका उभा आणि डोंगराची सोंड इतकी अरुंद की रुळांना वळवून न्यायला जागाच नव्हती. मग इंजिनिअरांनी खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन बांधलं. गाडी चढत यायची, तिथे थांबायची, आणि मग उलट्या तोंडाने, दुसऱ्या फाट्यावरून पुढचा चढ चढायची. डब्यात बसलेल्या माणसाला वाटणार की आपण परत मुंबईला निघालो. पण रूळ स्वतःवरच दुमडलेले होते. थळ घाटातही, म्हणजे कसाऱ्याच्या बाजूलाही, असंच स्टेशन होतं. पुढे नवे बोगदे आणि नवा मार्ग झाला आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोरघाटातला हा प्रकार संपला. ‘डबल बॅक’ समजावून सांगायला त्या स्टेशनाचा नकाशा पुरेसा आहे.

प्रत्येक परतणं म्हणजे डबल बॅक नाही

इथे बहुतेकांची गाडी घसरते. ‘डबल बॅक म्हणजे मागे जाणं’ एवढंच लक्षात ठेवलं की माणूस लिहितो, ‘आय डबल बॅक होम ॲट सेव्हन एव्हरी इव्हनिंग.’ वाक्य व्याकरणात बसतं, पण इंग्रजी माणसाला ते विचित्र वाटतं. रोज संध्याकाळी घरी येणं हे ठरलेलं परतणं. त्याला ‘गो होम’, ‘कम बॅक’, ‘रिटर्न’ वगैरे. गणपतीला कोकणात जाऊन पाच दिवसांनी मुंबईला येणं हेही डबल बॅक नाही, मग एसटी त्याच महामार्गाने का येईना.

डबल बॅक व्हायला आधी तुम्ही एका दिशेने चाललेले असावे लागता. आणि चालता चालता, मध्येच, काही कारणाने दिशा उलटी व्हावी लागते. वळण चुकलं. पाकीट टपरीवर राहिलं. पुढे दरड कोसळलीये. कोणीतरी पाठलाग करतंय. पुढे जाण्याचा बेत बहुतेक वेळा जिवंत असतो, फक्त त्यासाठी आधी थोडं मागे यावं लागतं. म्हणून ‘वी डबल्ड बॅक टु द पेट्रोल पंप’ ऐकलं की ऐकणाऱ्याला दोन गोष्टी न सांगता कळतात. पंप आधी मागे टाकलेला होता, आणि मागे जाणं ठरलेलं नव्हतं.

मराठीत याला एकच असा शब्द नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. आपल्याकडे वेगवेगळ्या परतण्याला वेगवेगळे शब्द आहेत. ‘आल्या पावली परतला’ म्हणजे माणूस पोहोचला, पण टेकला नाही, चहासुद्धा न घेता निघाला. त्यात थोडा अपमान किंवा निराशा असते. ‘माघार घेतली’ यात हार मानणं आहे, मग ते युद्ध असो की विधानसभेचा अर्ज. ‘माघारी फिरला’ हे त्यातल्या त्यात डबल बॅकच्या जवळचं. ‘उलट्या पावली’ हेही चालेल. भाषांतर करताना मात्र ‘तो आल्या वाटेने मागे आला’ असं सरळ लिहिलेलं सगळ्यात बरं. कधी ‘वळून पुन्हा त्याच रस्त्याने’ असं लिहावं लागेल. शब्दाला शब्द शोधण्याच्या हट्टापायी ‘तो दुहेरी मागे गेला’ असली वाक्यं छापून येतात, ती टाळलेली बरी.

वापराचं म्हणाल तर फार नियम नाहीत. भूतकाळ ‘डबल्ड बॅक’, चालू क्रिया ‘डबलिंग बॅक’. कर्म लागत नाही, म्हणजे ‘आय डबल्ड द कार बॅक’ म्हणायचं नाही, ‘आय डबल्ड बॅक’ म्हणायचं. कुठे ते सांगायचं तर ‘टु’, कशावरून ते सांगायचं तर ‘अलाँग’, आणि स्वतःच्याच वाटेवर आलं तर ‘ऑन’. बोलताना जोर ‘बॅक’वर द्यायचा. आणि हो, यातलं ‘बॅक’ गरजेचं आहे. आपल्या ऑफिसच्या मेलमध्ये ‘रिटर्न बॅक’ आणि ‘रिव्हर्ट बॅक’ असतं, तिथलं ‘बॅक’ फुकटचं असतं. ‘डबल’मधून ते काढलं तर मात्र वाक्यात नुसती दुप्पट उरते.

हे शिकवलं सशाने

हा शब्दप्रयोग माणसांच्या रस्त्यांपेक्षा सशांच्या रानवाटांवर जास्त मुरलेला आहे. इंग्लंडमध्ये शिकारी कुत्रे सोडून सशाची शिकार करायची जुनी पद्धत होती. कुत्रा डोळ्यांपेक्षा नाकाने पळतो. सशाच्या पावलांचा वास जमिनीवर जसा पसरला असेल तसा तो पुढे जातो. ससा काय करतो? बरंच अंतर पुढे पळतो, मग गर्रकन वळून आपल्याच पावलांवरून मागे येतो, आणि मध्येच कुठेतरी बाजूला लांब उडी मारून निसटतो. कुत्रे वासाच्या मागे टोकापर्यंत जातात आणि तिथे वास संपतो. पुढे काही नाही! ससा जणू हवेत विरला. तोवर तो मागे, भलत्याच झुडपात बसलेला असतो.

सशाच्या या गिरकीला इंग्रजीत ‘डबल’ असंच नाव होतं. शेक्सपियरच्या १५९३ सालच्या ‘व्हीनस अँड अडोनिस’ या काव्यात पळणाऱ्या सशाच्या वर्णनात हा शब्द नाम म्हणून आलेला आहे. म्हणजे सव्वाचारशे वर्षांपूर्वीच्या वाचकाला तो समजावून सांगायची गरज नव्हती. मराठीत सशाच्या या कृत्याला ‘हुलकावणी’ म्हणता येईल, आणि पाठलागाच्या गोष्टीत ‘डबल बॅक’ आलं तर बिनधास्त हा शब्द वापरावा.

सिनेमावाल्यांनी ही युक्ती उचलली नसती तरच नवल. स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘द शायनिंग’ या १९८० सालच्या सिनेमाचा शेवट आठवा. (बघितला नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या.) बर्फाने भरलेला झुडपांचा भुलभुलैया, मागे कुऱ्हाड घेतलेला बाप, पुढे पळणारा लहानगा डॅनी, आणि बर्फात उमटणारे त्याचे पाय. बाप ठसे बघत बघत येतोय. डॅनी थांबतो, आपल्याच ठशांवर पाय ठेवत उलटा मागे चालतो, आणि बाजूला उडी मारून लपतो. बाप ठशांच्या टोकाला पोहोचतो, तर पुढे कोरा बर्फ. सशाने कुत्र्याला जे केलं तेच. स्टीफन किंगच्या मूळ कादंबरीत हा भुलभुलैया नाही, तो सिनेमाने घातला.

आल्या वाटेने मागे येण्यात आणखी एक फायदा असतो. पाठीमागे कोण होतं ते कळतं. जिम कॉर्बेटच्या शिकारकथा मराठीत पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या आहेत. त्यातले सगळ्यात थंडगार क्षण असे आहेत की कॉर्बेट गेल्या वाटेने परत येतो आणि त्याच्याच बुटांच्या ठशांवर उमटलेले बिबट्याचे पंजे त्याला दिसतात.

सख्खे शेजारी आणि एक तोतया

‘डबल बॅक’चा सख्खा भाऊ म्हणजे ‘बॅकट्रॅक’. रस्त्याच्या बाबतीत दोघांत फार फरक नाही. पण बॅकट्रॅक हा राजकारणातही फिरतो. मंत्री सकाळी बोलले आणि संध्याकाळी शब्द फिरवला, तर इंग्रजी पेपर म्हणतो, मंत्री ‘बॅकट्रॅक्ड’. मराठी पेपर म्हणतो, ‘मंत्र्यांचं घूमजाव’. थोडं सौम्य करायचं असेल तर ‘वॉक्ड बॅक’, आपल्याकडे ‘सारवासारव’. डबल बॅक या अर्थाने सहसा येत नाही. तो मुख्यतः रस्त्यावरच राहतो, फार तर एखाद्या कादंबरीचं कथानक मागच्या काळात जाऊन पुन्हा पुढे येतं तेव्हा तिथे दिसतो.

‘रिट्रेस युअर स्टेप्स’ मध्ये पावलांवर भर आहे. किल्ली हरवली की आई विचारते ना, आधी कुठे गेलास, मग कुठे बसलास, तसं एकेक पाऊल आठवत जाणं. हे घरात बसून मनातल्या मनातही करता येतं. ‘टर्न बॅक’ म्हणजे पुढे जाणंच सोडून देणं. १९०९ मध्ये अर्नेस्ट शॅकलटन दक्षिण ध्रुवापासून शंभर मैलांच्या आत पोहोचून परत फिरला, कारण पुढे गेलो तर माणसं जिवंत परतणार नाहीत हे त्याला दिसत होतं. ते ‘टर्न बॅक’. आणि मीटिंगमध्ये साहेब ‘लेट्स सर्कल बॅक’ म्हणतात त्याचा रस्त्याशी संबंध उरलेला नाही. त्याचा अर्थ ‘यावर नंतर बोलू’, आणि तो नंतर येतोच असं नाही.

तोतया मात्र वेगळा, आणि सोशल मीडियावर त्यानेच जास्त घोटाळे होतात. तो म्हणजे ‘डबल डाउन’. दिसायला ‘डबल बॅक’चा जुळा भाऊ, अर्थ जवळजवळ उलटा. हा शब्द ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगारातला. पहिले दोन पत्ते हातात आल्यावर खेळाडू आपली लावलेली रक्कम दुप्पट करतो आणि बदल्यात त्याला फक्त एकच पत्ता आणखी मिळतो. म्हणजे जोखीम दिसत असूनही डाव वाढवणं. तिथून अर्थ आला, टीका झाली तरी आपल्या म्हणण्याला आणखी घट्ट चिकटून राहणं.

आता बघा. ‘लीडर डबल्स डाउन ऑन रिमार्क’ अशी इंग्रजी हेडलाइन आहे. घाईत कुणीतरी ती ‘नेत्याने वक्तव्य मागे घेतलं’ अशी मराठीत टाकली. खरा अर्थ होता, नेता वक्तव्यावर आणखी ठाम झाला. एका शब्दाने बातमी डोक्यावर उभी राहिली, आणि फॉरवर्ड व्हायला लागली की मूळ कोण बघतो? ‘डबल’ दिसला की पुढचा छोटा शब्द आधी बघायचा. ‘बॅक’ असेल तर वाट मागे जाते, ‘डाउन’ असेल तर माणूस हटत नाही.

जिथे हा शब्द जीवन-मरणाचा होता

विमानतळावर ‘बॅकट्रॅक’ हा रोजचा, कामाचा शब्द आहे. मोठ्या विमानतळावर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे असतो. विमान त्यावरून धावपट्टीच्या टोकाला जातं आणि उडतं. छोट्या विमानतळावर असा पूर्ण टॅक्सीवे नसतो. मग विमान धावपट्टीवरच उलट्या दिशेने हळूहळू टोकापर्यंत जातं, तिथे गर्रकन वळतं आणि मग धाव घेतं. छोट्या गावाला विमानाने गेलेल्या अनेकांनी खिडकीतून हे बघितलं असेल. त्या उलट्या जाण्याला बॅकट्रॅक म्हणतात. यात अडचण उघड आहे. तेवढा वेळ धावपट्टी अडलेली असते.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या कॅनरी बेटांमधलं टेनेरीफ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने बरीच विमानं टेनेरीफच्या लॉस रोडिओस या लहान विमानतळावर वळवलेली होती. उभ्या विमानांनी टॅक्सीवे भरून गेला. म्हणून निघणाऱ्या विमानांना धावपट्टीवरूनच बॅकट्रॅक करावं लागलं. आधी केएलएमचं जंबो जेट टोकापर्यंत गेलं आणि वळून उभं राहिलं. त्याच्यामागोमाग पॅन ॲमचं जंबो त्याच धावपट्टीवर आलं. त्याने मधल्या फाट्यावरून बाहेर पडायचं होतं. दाट धुकं उतरलं होतं. टॉवरला विमानं दिसेनात, विमानांना एकमेकं दिसेनात. उरला फक्त रेडिओ.

त्या रेडिओवर केएलएमच्या वैमानिकाने जे सांगितलं ते इंग्रजी धड नव्हतं. ‘आम्ही उडण्याच्या जागी उभे आहोत’ आणि ‘आम्ही उडायला निघालो आहोत’ असे दोन्ही अर्थ त्यातून निघत होते. टॉवरने पहिला अर्थ घेतला. त्याच क्षणी टॉवर आणि पॅन ॲम एकाच वेळी बोलले, त्यामुळे केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टीसारखा आवाज आला आणि महत्त्वाचे शब्द बुडाले. केएलएमने परवानगी नसताना धाव घेतली. पॅन ॲम अजून धावपट्टीवरच होतं. ५८३ माणसं गेली. वाचली ती ६१, सगळी पॅन ॲमच्या विमानातली. विमान वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात याहून जास्त माणसं कधी दगावलेली नाहीत.

यानंतर रेडिओवरची भाषा घट्ट बांधली गेली. ‘टेकऑफ’ हा शब्द आता फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरतात. बाकी वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचं. नुसतं ‘ओके’ चालत नाही, मिळालेली सूचना जशीच्या तशी परत वाचून दाखवावी लागते. घरी बसून फ्रेझल व्हर्बच्या अर्थावर वाद घालणं ही चैन आहे. धुक्यातल्या धावपट्टीवर ती परवडत नाही.

आणि सह्याद्रीत?

दर पावसाळ्यात ट्रेकला गेलेले ग्रुप वाट चुकल्याच्या बातम्या येतात. तिथे डबल बॅक हा शब्द माहीत असो वा नसो, ती कृती वेळेवर सुचली पाहिजे.

जुन्या लोकांचा ‘चकवा’ ऐकला असेलच. रानात माणूस तासन्‌तास चालतो आणि पुन्हा त्याच झाडापाशी येतो. याला भूत लागत नाही. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान साउमान आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना जर्मनीतल्या मोठ्या सपाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं, अंगावर जीपीएस होतं. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. ढगाळ दिवशी जंगलात गेलेले मात्र गोल फिरले, स्वतःचीच वाट ओलांडून गेले, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. डोळे बांधल्यावर तर काहींचे गोल वीस मीटरपेक्षाही लहान झाले. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस गोल फिरतो, हे लोकप्रिय स्पष्टीकरणही टिकलं नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडे वळत होता, कधी उजवीकडे.

म्हणजे धुक्यात ‘आपण सरळ चाललोय’ ही खात्री काहीच कामाची नाही. चकव्यात माणूस नकळत मागे येतो. डबल बॅक म्हणजे जाणूनबुजून मागे येणं. फरक एवढाच, पण जीव वाचवणारा.

सह्याद्रीत वाट चुकते ती बहुधा ढोरवाटांमुळे. गुरं चरायला जातात त्या वाटा मळलेल्या आणि रुंद दिसतात, थोडं अंतर गेल्यावर झाडोऱ्यात विरून जातात. पुढे वाट दिसत नाही, पण ‘इतकं आलोय तर थोडं पुढे बघू’ असं वाटतं. इथेच थांबायचं. शेवटची खात्रीची खूण कोणती होती ते सगळ्यांनी मिळून आठवायचं. खडकावर रंगवलेला बाण, देवीचं ठाणं, पाण्याचं टाकं, काहीही. आणि तिथपर्यंत आल्या वाटेने मागे जायचं. बाणाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. तो बहुतेक वेळा चढणाऱ्या माणसाला दिसेल असा रंगवलेला असतो, उतरताना तो खडकाच्या पलीकडच्या अंगाला जातो. म्हणून जाताना अधूनमधून मागे वळून वाट परतताना कशी दिसेल ते बघून ठेवणारे ट्रेकर कमी चुकतात.

सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे ‘पाणी खालीच जातं, ओढ्याने उतरू, गाव लागेल’. सह्याद्रीच्या कोकणाकडच्या बाजूला ओढा पुढे जाऊन कड्यावरून उडी मारतो. त्याच्याबरोबर उतरलेली माणसं अशा टप्प्यावर अडकतात की खाली कडा आणि वर निसरडा खडक. मग डबल बॅकही शक्य राहत नाही.

हल्ली यासाठी यंत्रंही आहेत. ॲपलने २०२२ मध्ये घड्याळाच्या कंपास ॲपमध्ये ‘बॅकट्रॅक’ नावाचीच सोय दिली. हातातली जीपीएस उपकरणं हे त्याच्या कितीतरी आधीपासून करतात, चाललेल्या वाटेची रेघ ठेवतात आणि उलट दिशेने दाखवतात. ही सोय वाट चुकल्यावर सुरू करून उपयोग नाही, ती पायथ्याला सुरू करावी लागते. मोबाईलवर ट्रॅक रेकॉर्ड करणारे ॲपही तेच करतात, बॅटरी असेपर्यंत.

अंधार पडला असेल, कुणाला लागलं असेल किंवा खात्रीची खूणच आठवत नसेल, तर मागेही जायचं नाही आणि पुढेही नाही. एकत्र बसायचं, रेंज मिळाली तर ११२ वर फोन करायचा, ठिकाण कळवायचं. आणि एकदा ठिकाण कळवलं की शोधायला येणारी माणसं त्याच जागी येतात. तोवर कुणाला ओळखीची वाट सापडल्यासारखी वाटली तरी जागा सोडायची नाही.